गोवर्धनच्या विणकरांकडची ठेव

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक ट्रस्ट डीड कोरलेलं आहे. ते करून देणारा उषवदात हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. लेखावर साल आहे 42, महिना वैशाख. आजच्या हिशेबाने ही गोष्ट सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची.

मजकूर अगदी व्यवहारी आहे. उषवदाताने लेणं बौद्ध भिक्षूंच्या संघाला दिलं आणि त्यासोबत 3000 कार्षापणांची ‘अक्षयनिवि’, म्हणजे मुद्दलाला हात न लावायची ठेव. ही रक्कम त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, ठेवली: एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं भोगायचं, असं लेखातच बजावलं आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळा या लेण्यात काढणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. दुसरीच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च.

आता हिशेब मांडून पाहू. 2000 वर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. आणि 20 भिक्षूंना 12 प्रमाणे किती? बरोबर 240. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. आधी खर्च ठरवला, मग त्याला पुरेल एवढं मुद्दल बाजूला काढलं. दानाच्या उत्साहात भलभलती आकडेमोड करणारे पुढे पुष्कळ झाले. हा माणूस त्यांतला नव्हता.

पैसे विणकरांकडे का? राजाचा जावई असून राजाच्या खजिन्याकडे त्याने ही जबाबदारी दिली नाही, कुणा एका सावकाराकडेही नाही. माणूस मरतो, श्रेणी मरत नाही. आज विश्वस्त वारला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट घाला, हरकती ऐका, असं सगळं मागे लागतं. विणकरांच्या संघटनेत कोण आला, कोण गेला, याचा ठेवीशी संबंधच नव्हता. लाभार्थीही नावानिशी नाहीत. लेणं चारी दिशांच्या संघाला दिलेलं, वर्षावासाला जो येईल त्याचा हक्क. शिवाय हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचला गेला आणि रिवाजाप्रमाणे ‘फलकवारा’त, म्हणजे दप्तरात, नोंदला गेला. दुय्यम निबंधकाचं काम तेव्हाही कुणीतरी करत होतंच.

जमिनीच्या बाबतीत उषवदात आणखी सावध दिसतो. भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांना शेत विकत घेतलं. ते शेत विकणाऱ्याच्या वडिलांच्या मालकीचं होतं, हे त्याने आवर्जून कोरवून ठेवलं. सातबारा काढून आधीचे फेरफार तपासणारं गिऱ्हाईक यापेक्षा वेगळं काय करतो?

त्याच ओसरीत त्याची बायको, नहपानाची मुलगी दक्षमित्रा, हिचंही दान आहे. एक खोली, तिच्या स्वतःच्या नावाने.

मग राज्य बदललं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीत नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा 13 हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. तिसऱ्या लेण्यातल्या त्याच्या राजवटीच्या अठराव्या वर्षाच्या आज्ञेनुसार, उषवदात पूर्वी भोगत असलेलं 200 निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) शेत इथल्या भिक्षूंना मिळालं. सैनिकांनी तिथे शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अशा सवलतींसह.

त्यानंतर चोविसाव्या वर्षाची आज्ञा येते, आणि ती जास्त बोलकी आहे. राजा आणि राजमाता कळवतात की ककडी गावात पूर्वी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीच उरलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून 100 निवर्तनं द्यावीत. कागदावर दान शाबूत, शेतात मात्र गवत: ही तक्रार धर्मादाय कार्यालयात आजही नवी नाही. सार्वजनिक न्यासाच्या जमिनीची अशी अदलाबदल आता करायची तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. तेव्हा राजाची आज्ञा पुरली.

पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनेही गोवर्धनच्या श्रेणींकडे अक्षयनिवि ठेवली, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. पाण्याची यंत्रं करणाऱ्या औदयंत्रिकांकडे तिने 2000 कार्षापण दिले. उषवदाताने घातलेली वाट तोवर रुळलेली होती.

मृत्युपत्र, ट्रस्ट आणि मुखत्यारपत्र यांची आज सरमिसळ होते, ती इथे सुटते. मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबर संपतं. मृत्युपत्र त्याच्यामागे अमलात येतं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. उषवदाताने हयातीतच पैसा हातावेगळा केला, सांभाळणारा नेमला आणि नोंद करून मोकळा झाला. ट्रस्ट करायला निघालेल्यांनी वकिलाकडे जाण्याआधी त्याच्यासारखी वही उघडावी: दरसालचा खर्च किती, त्याला मुद्दल किती लागेल, आणि आपल्या माघारी व्याज कोण मोजून देणार.