स्कूल बसमधलं वायफाय : पालकांनी काय जाणून घ्यावं?

भोसरी, मोशी, चाकण... नाशिक महामार्गावर कंटेनरच्या रांगेत स्कूल बस अडकली की मूल बराच वेळ गाडीतच बसून असतं. काही बसमध्ये वायफाय असतं, बऱ्याच गाड्यांत जीपीएस. ‘या लहरींनी मुलांना काही होणार तर नाही ना?’ असं अम्मी-अब्बू आम्हा शिक्षकांना विचारतात. म्हणून ही माहिती.

लहरी कशा असतात?
वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं. एक्स-रेप्रमाणे पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. शिवाय अंतर दुप्पट झालं की जोर साधारण चौथा हिस्साच उरतो.

शास्त्र काय सांगतं?
वायरलेस नेटवर्कमुळे आरोग्याला अपाय होतो याचा खात्रीलायक पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये म्हटलं. २०११ मध्ये तिच्याच कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २-बी गटात टाकलं. त्यामागे मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाईलचे अभ्यास होते आणि पुरावा मर्यादित होता. फ्रान्सने २०१५ मध्ये कायदा करून तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरातलं वायफाय बंद केलं. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, पण काळजी घेणं चुकीचंही नाही.

खरी मेख कुठे आहे?
छताजवळच्या राउटरपेक्षा मुलाच्या हातातला मोबाईल त्याच्या शरीराला जास्त जवळ असतो. पत्र्याच्या गाडीत रेंज कमी झाली की फोन जास्त जोर लावतो. त्यामुळे बसचं वायफाय बंद केलं आणि मूल मोबाईल डेटावर गेलं, तर लहरी कमी होण्याऐवजी वाढूही शकतात. भारतात मोबाईलसाठी एसएआरची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे.

पालकांनी काय करावं?
महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. तिथे विचारा : वायफाय कशासाठी आहे? राउटर सीटपासून लांब आहे का? मुलं त्यावर काय बघतात, यावर कोणाचं लक्ष आहे? मात्र जीपीएस बंद करायला सांगू नका. बस कुठे अडकलीय हे त्यावरूनच कळतं.

लहान मुलांना बसमध्ये मोबाईल देऊच नका. मोठ्यांकडे असला तर प्रवासात तो दप्तरात राहू द्या. लहरींची शंका राहिली बाजूला, डोळ्यांना आणि मनालाही तेवढाच आराम.