खऱ्या रस्त्याचे 108 सेकंद

डेटाबेसचा कस पाहायचा तर त्यात कोट्यवधी नोंदी ओतून भागत नाही. त्या नोंदींना खऱ्या कामाची चाल असावी लागते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला हे तत्त्व जुने आहे. 1966 साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, रस्त्यांवर प्रत्यक्ष गाड्या चालवून घेतलेल्या नोंदींवरून ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ बसवली. 108 सेकंदांचे एक आवर्तन, तेच सहा वेळा. कमाल वेग ताशी 42 किलोमीटर, सरासरी जेमतेम 22. रोलरवर चढवलेली गाडी त्याबरहुकूम सुटते, वेग घेते, मंदावते, थांबते, पुन्हा सुटते. इंधन आणि धूर यांचा खरा हिशेब या धरसोडीतच लागतो. एकाच वेगाने पळवलेली गाडी तो लपवते.

डेटाबेसवाल्यांनीही हाच मार्ग धरला. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी 1985 साली बँकेच्या जमा-नावे व्यवहारांची चाचणी मांडली, तेव्हा 15 टक्के व्यवहार दुसऱ्या शाखेच्या खात्यांवर टाकले. 1992च्या टीपीसी-सी चाचणीत गोदामे आणि ऑर्डरी आल्या. त्यात शंभरातल्या साधारण एका नव्या ऑर्डरीत मुद्दाम चुकीचा वस्तू-क्रमांक असतो, म्हणजे केलेले काम मागे घेणेही तपासले जाते. भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या पुरवठादाराला यात आपलाच रोजचा व्यवहार दिसेल.

मग खराच डेटा का वापरू नये? एक तर तो ग्राहकांचा, कामगारांचा असतो. चाचणीसाठी उघडा टाकणे गैर आहे. शिवाय तो काल काय घडले एवढेच सांगतो; उद्याचा दसपट भार त्यात नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चाचणी ठरलेली असली की यंत्र तिच्यापुरतेच घडवले जाते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होते, हे 2015 साली उघड झाले. पण म्हणून ठरलेली चाचणी टाकून दिली, तर दोन यंत्रांची तुलनाच संपते. उपाय आहे तो चाचणी वास्तवाबरोबर बदलत नेण्याचा. भारतात वाहनांच्या बाबतीत तेच झाले: मोटारींसाठी ताशी 90 किलोमीटरपर्यंत जाणारे सुधारित आवर्तन आले आणि 2023पासून प्रत्यक्ष रस्त्यावरची तपासणीही जोडली गेली. म्हणूनच टेस्ट डेटा घडवणाऱ्याने आधी गोदामात, शॉप फ्लोअरवर जाऊन काम कसे चालते ते मोजावे आणि मगच प्रोग्राम लिहायला बसावे. निरीक्षणाविना तयार केलेल्या नोंदी कितीही असल्या, तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही.