पहिली दीक्षा कोणी दिली?

मुंबईच्या फोर्ट भागात फ्रीमेसन मंडळींचा जुना हॉल आहे. नोकरीच्या दिवसांत त्याच्यावरून कितीदा तरी गेलो असेन. आत काय चालते या कुतूहलापोटी वाचायला लागलो. १८४३मध्ये मुंबईत हिंदी सभासदांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले, ही माझी सुरुवात. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही. एका पुस्तकाच्या तळटिपेवरून दुसऱ्या पुस्तकाकडे जायचे, एवढीच माझी पद्धत. असेच वसाहतींतल्या लॉजेसविषयी वाचत असताना जेराल्ड गार्डनर हे नाव समोर आले. हा इंग्रज १९१०मध्ये, सिलोनमधल्या मळ्यांवर काम करत असताना, कोलंबोच्या स्फिंक्स लॉजमध्ये मेसन झाला. पुढे मलायातल्या कस्टम्स खात्यातून १९३६मध्ये निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला आणि ‘विका’ या धर्माचा प्रवर्तक ठरला.

विकाचे अनुयायी स्वतःला ‘विच’ म्हणवतात. मराठीत त्याला ‘चेटकीण’ म्हटले की डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. प्रत्यक्षात हा निसर्गातली देवी आणि शिंगधारी देव यांची उपासना करणाऱ्या लहान लहान मंडळांचा पंथ आहे. गार्डनरच्या सांगण्यानुसार १९३९मध्ये दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट परिसरात अशाच एका गुप्त मंडळाने त्याला दीक्षा दिली आणि ते मंडळ म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माचा तगून राहिलेला धागा होता. या म्हणण्याला आधार होता मार्गारेट मरी यांच्या १९२१च्या ग्रंथाचा. कलकत्त्यात जन्मलेल्या या विदुषीने पुढे गार्डनरच्या पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली. चेटूकविरोधी १७३५चा कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ बाहेर पडले. मरीबाईंचा सिद्धान्त मात्र नंतरच्या इतिहासकारांनी मोडीत काढला.

या पंथात दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत उमेदवाराचे डोळे बांधतात, दोरीने हात बांधतात, आणि वर्तुळाच्या कडेला छातीवर शस्त्राचे टोक ठेवून आत येण्याची तयारी विचारतात. दोऱ्याने त्याच्या देहाचे माप घेतात, शपथ होते आणि मग सुरी, तलवार, कांडी अशी साधने एकेक करून दाखवतात. दुसऱ्या पायरीवर देवी पाताळात उतरून मृत्यूला भेटते, ती कथा साभिनय सादर होते. शिवाय दीक्षा देणाऱ्याने जेवढे फटके दिले, त्याच्या तिप्पट उमेदवार त्याला परत देतो. तिसरी पायरी देव-देवीच्या मीलनाची. बहुधा ती प्याल्यात सुरीचे पाते बुडवून, प्रतीकानेच पार पडते. ही पायरी ओलांडलेल्याला आपले स्वतंत्र मंडळ काढता येते.

मेसन मंडळींविषयी वाचलेल्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. तिथेही पायऱ्या तीनच: एन्टर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. तिथेही डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, उघड्या छातीला शस्त्राचे टोक, शपथ आणि मग हत्यारांची ओळख. तिसऱ्या पायरीवर हिराम अबिफ या कारागिराच्या खुनाची कथा, उमेदवारालाच मृत कल्पून, वठवली जाते. दोघेही आपल्या मार्गाला ‘क्राफ्ट’ म्हणजे कसब म्हणतात. गार्डनरने १९४९मध्ये कादंबरीच्या मिषाने आपले विधी छापले. त्यातला सांगाडा न्यू फॉरेस्टपेक्षा लॉजच्या जवळचा आहे.

पण सांगाडा उसना म्हणून सगळेच उसने ठरत नाही. लॉज पुरुषांचे, इथे पुरुषाला स्त्रीने आणि स्त्रीला पुरुषाने दीक्षा द्यायची, आणि मंडळाची प्रमुख स्त्री. लॉजमधला शिकाऊ हा शिकाऊच राहतो. इथे मात्र पहिल्याच पायरीवर माणूस पुरोहित होतो. बाहेर बसून नमस्कार करणारा भक्तवर्गच नाही. दुसरी आणि तिसरी पायरी देवाशी जवळीक वाढवतात, शिवाय इतरांना दीक्षा देण्याचा अधिकार देतात. आपल्याकडे दीक्षा म्हटली की गुरू आठवतो. इथे गुरूपेक्षा साखळी मोठी: मला कोणी दिली, त्याला कोणी दिली, असे मागे जात जात गार्डनरपर्यंत पोहोचले, की अधिकार सिद्ध.

ही साखळी तपासण्याचे काम डोरीन व्हॅलिएन्ट यांच्याकडे आले. १९५३च्या उन्हाळ्यात गार्डनरने त्यांना दीक्षा दिली. विधींच्या संहितेत अ‍ॅलिस्टर क्रोली या समकालीन गूढवाद्याचे लेखन मिसळलेले आहे, हे त्यांनी ओळखले आणि गार्डनरला तसे सांगितले. जमत असेल तर तुम्हीच चांगले लिहा, असे त्याचे उत्तर. त्यांनी लिहिले, आणि आज विकामध्ये म्हटले जाणारे बरेच काही त्यांच्याच हातचे आहे. १९५७मध्ये गार्डनरच्या प्रसिद्धीच्या सोसावर आवर घालण्यासाठी मंडळींनी नियम सुचवले, तेव्हा गार्डनरने ‘प्राचीन कायदे’ पुढे केले. जुनाट भाषेतल्या त्या कागदांत, वय झालेल्या प्रमुख स्त्रीने तरुण स्त्रीसाठी जागा मोकळी करावी, असाही एक नियम होता. प्राचीन कागद कसे तयार होतात हे व्हॅलिएन्टबाईंनी जवळून पाहिले होते. त्या बाहेर पडल्या.

मंडळ सोडले तरी त्यांनी मार्ग सोडला नाही. ज्या ‘ओल्ड डोरोथी’च्या घरी दीक्षा झाल्याचे गार्डनर सांगे, ती बाई मुळात अस्तित्वातच नव्हती, अशी शंका अभ्यासक घेऊ लागले. तेव्हा उतारवयात व्हॅलिएन्टबाईंनी दप्तरे धुंडाळली आणि डोरोथी क्लटरबक सापडली: जन्म १८८०, तोही हिंदुस्थानात, लष्करी अधिकाऱ्याच्या घरी, मृत्यू १९५१, इंग्लंडमध्ये. विद्यापीठाबाहेर राहून केलेले हे काम वाचताना मला फार जवळचे वाटले. पण जन्माच्या दाखल्याने जन्म सिद्ध होतो, दीक्षा नाही. रोनल्ड हटन यांच्यासारख्या इतिहासकाराला ही बाई चेटूकमंडळात असल्याचे पटलेले नाही.

अशी एखादी म्हातारी बाई साखळीच्या टोकाला लागतेच, असे दिसते. अ‍ॅलेक्स सँडर्सनेही आपल्याला लहानपणी आजीने दीक्षा दिल्याचे सांगितले. पुढे तो गार्डनरच्याच परंपरेतून आल्याचे उघड झाले. आजी असो वा डोरोथी, तिला दीक्षा कोणी दिली हा प्रश्न उरतोच. १९७८च्या आपल्या पुस्तकात व्हॅलिएन्टबाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला: पहिल्या विचला दीक्षा कोणी दिली असेल? आणि त्याच पुस्तकात, मंडळ न मिळालेल्या माणसासाठी, स्वतःच स्वतःला दीक्षा घेण्याचा विधी लिहून छापला. साखळीवाल्यांना ती दीक्षा आजही मान्य नाही. आपली स्वतःची दीक्षा मात्र व्हॅलिएन्टबाईंनी कधी नाकारली नाही. १९९९मध्ये त्या गेल्या, तोवर एकेकट्याने हा मार्ग धरणारे ठिकठिकाणी तयार झाले होते.