प्रस्तावना: घंटागाडीच्या वाटेने

कचऱ्यावरचे पुस्तक कोणी का वाचावे, असे वाचकांच्या मनात आले तर ते रास्तच आहे. घंटागाडी वेळेवर येते तोवर हा विषय कोणाच्या ध्यानात नसतो. दोन दिवस आली नाही की साऱ्या आळीला आठवतो. पण झाडलोट, गटारे आणि दिवाबत्ती ही नगरपालिकेची सर्वांत जुनी कामे. शहराचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर याहून उघडे दार क्वचितच सापडेल.

त्यासाठी पनवेलसारखे गाव नाही, हे थोड्या अभिमानाने सांगतो. 1850 च्या कायद्याने गावकऱ्यांच्या इच्छेनुसार नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी झाली आणि 1852 मध्ये खाडीकाठच्या या व्यापारी गावात नगरपालिका आली. 1970 मध्ये शहरे वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली. पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. 1 ऑक्टोबर 2016 रोजी जुने शहर, वसाहती आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. हद्द एका दिवसात बदलली, कचऱ्याची रीत कशी बदलणार? वसाहतींतला कचरा त्यानंतरही काही काळ सिडकोच उचलत होती. जुन्या पनवेलच्या गल्लीबोळांत मोठी गाडी शिरत नाही. वसाहतीत सोसायटीच्या फाटकाशी डबे मांडलेले असतात. गावांत परसातला उकिरडा पिढ्यान्‌पिढ्या पुरत आला, कारण टाकलेले बहुतेक सगळे कुजत असे. प्लॅस्टिकच्या पिशवीने तो हिशेब मोडला.

2016 च्याच एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायचे, असे त्यांनी सांगितले. कागदावर हे सोपे वाटते. स्वच्छता निरीक्षक फाटकाशी ओल्या कचऱ्याचा डबा उघडतो, तेव्हा भाजीच्या देठांखाली दुधाची रिकामी पिशवी निघते आणि वाद सुरू होतो. दंडाची पावती फाडायची, की समज देऊन पुढे जायचे? या क्षणी नियमाचे काय होते, ते नियमावलीत सापडत नाही. कोपऱ्यावरची कचराकुंडी हलवली, तरी लोक सवयीने तिथेच पिशव्या टाकत राहतात. मग कर्मचारी जागा धुऊन रांगोळी काढतात, फुलझाडांच्या कुंड्या ठेवतात. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण पुष्कळदा लागू पडतो.

सफाईचे हे काम कोणत्या जातींवर लादले गेले, हा प्रश्न वगळून या विषयाला हात घालता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी आयुष्य वेचले. मुंबई सरकारने 1949 मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. यंत्रांची प्रकरणे वाचण्याआधी वाचकांनी हा भाग वाचावा.

आकडेवारीचे तक्ते मात्र नंतरसाठी ठेवा. आधी आपल्याच प्रभागातली सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीची जागा शोधा आणि पहाटे, मुकादमाला विचारून, तिथे जा. कोणती गल्ली कोणाकडे, गाडी कुठे अडते, सणानंतर फेऱ्या किती वाढतात, हे त्याला तोंडपाठ असते. वही घेऊन गेलात तर हरकत नाही, पण गाडी सुटायच्या घाईत त्याला प्रश्न विचारू नका. पहिली फेरी संपून चहा होईपर्यंत थांबा.