सिंगापूर : धुरके व हरितगृह वायूविषयक धोरण

सीमेपलीकडून येणारा धूर आणि देशांतर्गत हरितगृह वायूंचे उत्सर्जन यांना आवर घालण्यासाठी सिंगापूरने केलेले कायदे व कर. धूर मुख्यतः इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तेथे तेलताड व कागदलगद्याची झाडे लावण्यासाठी चर खणून दलदलींतील पाणी काढतात. कोरडी पडलेली ही पीट-जमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) पेटली की आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसते व साठलेला कार्बन हवेत जातो. धुरके व हवामानबदल यांचा उगम येथे एकच असला, तरी कायद्याने त्यांना वेगळे ठेवले आहे.

प्रादेशिक करार : 1997 च्या धुरक्यानंतर आसियान देशांनी 10 जून 2002 रोजी क्वालालंपूर येथे करार केला. तो 2003 मध्ये अंमलात आला. इंडोनेशियाच्या संसदेची मंजुरी 2014 मध्ये मिळाली. करारात दंडाची तरतूद नाही.

धुरके कायदा, 2014 : 21 जून 2013 रोजी प्रदूषण निर्देशांक 401 वर गेला (300 च्या वर हवा ‘धोकादायक’). पुढील वर्षी ऑगस्टमध्ये कायदा संमत होऊन 25 सप्टेंबरपासून लागू झाला. परदेशातील कृत्यामुळे सिंगापुरात धुरके आले, तर ते करणारी किंवा त्याला हातभार लावणारी कंपनी, मग ती कोणत्याही देशातील असो, दोषी ठरू शकते. दंड दिवसाला 1 लाख सिंगापूर डॉलरपर्यंत, प्रतिबंधक उपायांची नोटीस डावलल्यास आणखी 50 हजार, एकूण मर्यादा 20 लाख. बाधितांना दिवाणी दावाही लावता येतो. कायद्याचे खरे वैशिष्ट्य पुराव्याच्या गृहीतकांत आहे. उपग्रहचित्रांत आग दिसली व वारा सिंगापूरकडे वाहत असला, तर धुरके त्याच आगीचे मानले जाते. नकाशात जमीन ज्याच्या नावे, त्याच्यावर जबाबदारी येते. ही गृहीतके खोडून काढण्याचा भार आरोपीवर. ही रचना धाडसी खरी, पण तिची सारी भिस्त नकाशांवर, आणि जमीन दुसऱ्या राज्याच्या हद्दीत. 2015 मध्ये काही इंडोनेशियन कंपन्यांना नोटिसा गेल्या. सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर उभय देशांत मतभेद आहेत.

कार्बन कर : आग्नेय आशियातील पहिला, 1 जानेवारी 2019 पासून. वर्षाला 25,000 टन वा अधिक उत्सर्जन करणाऱ्या प्रकल्पांना लागू. दर टनाला 5 डॉलर, 2024 पासून 25, 2026 पासून 45. 2030 पर्यंत 50 ते 80 डॉलर करण्याचे धोरण आहे. 2024 पासून करपात्र उत्सर्जनापैकी 5 टक्क्यांपर्यंतचा भाग परदेशी कार्बन क्रेडिट देऊन भागवता येतो. निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य 2050.

जहाजे व विमाने : आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी सिंगापुरात भरलेल्या इंधनाचे उत्सर्जन राष्ट्रीय बेरजेत धरले जात नाही.