सोडता येणारी पकड

1911 साली हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकात एक लेख लिहिला. मेंदूतल्या गाठी काढताना होणारा रक्तस्राव कसा आवरायचा, हा त्याचा विषय. इतर ठिकाणी रक्तवाहिनी तुटली तर सर्जन ती चिमट्यात धरतो, दोऱ्याने बांधतो आणि पुढच्या कामाला लागतो. कवटीच्या आत असे चालत नाही. जागा खोल आणि अरुंद, वाहिन्यांच्या भिंती पातळ. गाठ आवळायला जावे तर वाहिनीच फाटायची. विजेच्या प्रवाहाने रक्तवाहिनी डागून बंद करायची सोय कुशिंग यांच्या हाती यायला 1926 साल उजाडायचे होते. तोवर त्यांनी चांदीच्या तारेचे बारीक तुकडे इंग्रजी 'यू' अक्षरासारखे वाकवून घेतले. एका खास चिमट्यात असा तुकडा धरायचा, रक्तवाहिनीवर चढवायचा आणि दाबायचा. रक्त थांबे.

या क्लिपांचा एक फायदा त्यांच्या मूळ हेतूत नव्हता. चांदी क्ष-किरणांत स्पष्ट दिसते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या फोटोत गाठ कुठे होती याच्या खुणा आयत्याच उमटत, आणि पुढे गाठ पुन्हा वाढू लागली तर या खुणा सरकलेल्या दिसत. टोरांटोच्या केनेथ मॅकेन्झी यांनी 1927 मध्ये या साहित्यात काही किरकोळ सुधारणा सुचवल्या. सुधारणा किरकोळ असल्याचे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच कबूल केले होते. आजच्या शोधनिबंधांत ही नम्रता क्वचित सापडते.

तोवर ही क्लिप म्हणजे केवळ रक्त थांबवण्याचे एक साधन होते. मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, हा तिचा खरा संसार; तिथे ती नंतर पोचली.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. 1664 मध्ये थॉमस विलिस यांनी आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, म्हणून ते विलिसचे कडे. धमन्यांना जिथे फाटे फुटतात तिथे भिंत कधी कधी कमजोर होते आणि रक्ताच्या रेट्याने बाहेर फुगते. बहुतेक फुगे आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. पण एखादा फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पोकळीत पसरते, आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके एका क्षणात दुखू लागते, आणि जवळपास एक तृतीयांश रुग्ण दगावतात. वाचलेल्यांना धास्ती असते ती फुगा पुन्हा फुटण्याची.

जुन्या काळी यावर एकच उपाय होता: मानेतली कॅरोटिड धमनी बांधून टाकायची, म्हणजे फुग्यावरचा दाब उतरेल. त्या बाजूच्या मेंदूला दुसरीकडून रक्त मिळाले नाही तर अर्धांगवायू ठरलेला. शिवाय फुगा नेमका कुठे आहे हे दिसत नव्हते. ते दाखवण्याची युक्ती 1927 मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी काढली. धमनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी मेंदूचे रक्तवहन टिपायचे, हीच अँजिओग्राफी. कवटी उघडून थेट फुग्यावर जाण्याचे धाडस 1931 मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी केले. फुटलेल्या फुग्याभोवती त्यांनी रुग्णाच्याच मांडीतल्या स्नायूचा तुकडा गुंडाळून धरला. रक्त थांबले, रुग्ण जगला. मात्र हे वेष्टन बाहेरून होते. फुगा आत तसाच राहिला.

23 मार्च 1937 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी 43 वर्षांच्या एका माणसाची कवटी उघडली. त्याची उजवी पापणी मिटली होती आणि त्या डोळ्याची हालचाल गेली होती. तिसऱ्या मज्जातंतूवर काहीतरी दाबते आहे, आणि ते कॅरोटिडवरचा फुगा असणार, हे डँडी यांनी लक्षणांवरून ताडले होते. आत खरोखरच वाटाण्याएवढा फुगा होता, आणि त्याला मान होती, म्हणजे मूळ धमनीशी जोडणारा अरुंद भाग. डँडी यांनी त्या मानेवर धमनीच्या भिंतीला लागून चांदीची क्लिप बसवली आणि फुगा विजेने डागून आक्रसवला. धमनीतला प्रवाह चालू राहिला. फुगा रक्ताच्या वाटेतून वगळला जावा पण धमनी वाहती राहावी, हा या शाखेचा पायाच त्या दिवशी घातला गेला. पुढच्या वर्षी त्यांनी ही हकीकत छापली.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. डँडी हे मुळात कुशिंग यांचे शिष्य. पण दोघांचे बिनसले. 1912 मध्ये कुशिंग बॉस्टनला गेले तेव्हा त्यांनी डँडी यांना सोबत नेले नाही, आणि त्यानंतरची कटुता या क्षेत्रात दंतकथेसारखी सांगितली जाते. गुरूने रक्त थांबवायला घडवलेली वस्तू, त्याच्याशी न पटलेल्या शिष्याच्या हातून, गुरूने न योजलेल्या कामासाठी अजरामर झाली. (डॉट हेही बॉस्टनला कुशिंग यांच्याकडे काही काळ शिकलेले. या कुळाची शाखा शोधत जावे तर मूळ बहुधा त्याच एका माणसापाशी निघते.)

चांदीच्या क्लिपेत मात्र एक मोठी खोट होती. ती एकदा दाबली की दाबली. चुकीच्या जागी बसली, शेजारची बारीक धमनी तिच्यात अडकली, मान अर्धीच धरली गेली, तरी ती उघडून पुन्हा लावायची सोय नव्हती. ओढून काढायला जावे तर फुगाच फाटणार. सर्जनला एकच संधी, आणि तीही धडधडत्या धमनीशेजारी. पुढच्या पाऊणशे वर्षांत या वस्तूच्या वंशात जे जे टिकले ते नीट पाहिले, तर मला एक धागा दिसतो: पकड घट्ट करण्याचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला, कस लागला तो पकड सोडता यावी यासाठी.

स्टॉकहोमच्या हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांनी क्लिपेच्या मागे दोन छोटे पंख ठेवले. ते दाबले की क्लिप पुन्हा उघडे. दुरुस्ती एवढीशी, पण आता सर्जन लावून बघू शकत होता, मन बदलू शकत होता. सेंट लुईच्या हेन्री श्वार्ट्झ यांनी पाय एकमेकांवरून ओलांडणारी स्प्रिंगची क्लिप वापरात आणली, पण ती आकाराने मोठी होती. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सिनसिनाटीच्या फ्रँक मेफिल्ड यांनी जॉर्ज कीस यांच्या मदतीने तिची लहान, नाजूक आवृत्ती तयार केली. तत्त्व कपडे वाळत घालायच्या चिमट्याचेच: मोकळी सोडली की आपोआप मिटते, दाबली की उघडते. चांदीच्या क्लिपेत मिटवण्याचे बळ सर्जनच्या हातातून यायचे. इथे ते स्प्रिंगेत साठवलेले. हात फक्त तिला थोपवून धरायचा आणि योग्य क्षणी सोडून द्यायचा.

मग क्लिपांचे गोत्र वाढतच गेले. स्कोव्हिल, हायफेट्झ अशी नावे येतात, सगळी मोजण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या लंडन शहरी चार्ल्स ड्रेक यांनी मात्र एक नवी कल्पना आणली. मेंदूच्या पाठीमागच्या बेसिलर धमनीच्या टोकाचे फुगे ते हाताळत. तिथे फुग्याला चिकटून निरोगी धमन्या जातात, आणि साधी क्लिप लावावी तर त्याही दाबल्या जायच्या. 1960च्या दशकाअखेर ड्रेक यांनी पात्यांना मागच्या बाजूला भोक ठेवून घेतले. निरोगी धमनी त्या भोकातून सुखरूप जाते आणि पाती पलीकडचा फुगा पकडतात. कशाला धरायचे याइतकेच कशाला सोडायचे, हेही आता घडणीतच आले.

या सगळ्याला खरी धार आणली सूक्ष्मदर्शकाने. तुर्कस्तानात जन्मलेले आणि झुरिकमध्ये काम करणारे गाझी याशारगिल 1965-66 मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टन इथे पीअर्डन डोनघी यांच्या प्रयोगशाळेत बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचा सराव करून परतले. 1967 पासून ते सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करू लागले. मेंदू बाजूला सारण्याऐवजी त्यांनी त्याच्या नैसर्गिक भेगांतून वाट काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी टाळूवरची धमनी मेंदूतल्या धमनीला जोडण्याची शस्त्रक्रियाही केली. याशारगिल यांच्या नावाच्या क्लिपा आज जगभर शस्त्रक्रियागृहांत मिळतात, आणि त्यांच्या शेजारी जपानच्या केनइचिरो सुगिता यांच्या. ट्रेमध्ये काही सोनेरी क्लिपाही असतात. त्यांची स्प्रिंग मुद्दाम मवाळ ठेवलेली असते. मूळ धमनी काही मिनिटे थांबवायची, फुगा मऊ पडला की कायमची क्लिप बसवायची आणि सोनेरी काढून घ्यायची. ती जन्मतःच काढून घेण्यासाठी बनवलेली.

एमआरआय आला तेव्हा क्लिपेच्या धातूचीही झडती झाली. काही जुन्या पोलादी क्लिपा चुंबकाकडे ओढल्या जात. अशी क्लिप डोक्यात असलेल्या एका रुग्णाचा एमआरआयमध्ये ती सरकून मृत्यू झाल्याची नोंद 1993 मध्ये 'रेडिऑलॉजी' नियतकालिकात आली. कोबाल्टचे चुंबकाला न जुमानणारे मिश्रधातू आणि नंतर टायटेनियम रुजले. म्हणूनच आजही एमआरआयच्या खोलीबाहेर रुग्णाला डोक्यात क्लिप आहे का, कोणती, हे खोदून विचारतात. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा, हा सल्ला त्यासाठीच.

दरम्यान मॉस्कोत एक निराळी वाट निघाली. बुर्देन्को संस्थेतले फ्योदोर सर्बिनेन्को यांना मे दिनाच्या सोहळ्यातले, दोरीला बांधून हातात धरलेले फुगे पाहून कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. धमनीतून बारीक नळी सरकवायची, तिच्या टोकाचा इवलासा फुगा फुगवायचा आणि हवा तिथे सोडून द्यायचा. 1974 मध्ये त्यांचे काम इंग्रजीत छापले गेले. कवटी न उघडता मेंदूच्या धमनीत उपचार करता येतात हे सिद्ध झाले. अडचण एवढीच की गोल फुगा ॲन्युरिझमच्या वेड्यावाकड्या पोटात नीट बसत नसे, आणि कधी त्यालाच फोडायचा.

पुढचा दुवा एका अपघाताने सापडला. रोममध्ये न्यूरोसर्जन गुइडो गुग्लिएल्मी सशांमध्ये कृत्रिम ॲन्युरिझम तयार करून त्यात पोलादी तार घालत आणि बारीक विद्युत्प्रवाह सोडून रक्त गोठते का ते पाहत. रक्त फारसे गोठले नाही. पण प्रवाहाने तार झिजून तिचे टोक तुटले आणि आतच राहिले. फसलेला प्रयोग म्हणून वही बंद करता आली असती. गुग्लिएल्मी यांना त्यात कडी उघडण्याची युक्ती दिसली. पुढे लॉस एंजेलिसला अभियंता इव्हान सेपेत्का यांच्यासोबत त्यांनी प्लॅटिनमचे मऊ वेटोळे, म्हणजे कॉइल, पोलादी तारेला जोडले. वेटोळे फुग्यात घालायचे. नीट बसले नाही तर परत ओढायचे, पुन्हा घालायचे. मनासारखे झाले की प्रवाह सुरू करायचा. पोलादी सांधा झिजतो, प्लॅटिनम आत राहते. त्याआधीची वेटोळी एकदा ढकलली की परत येत नसत. चांदीच्या क्लिपेचीच ती जुनी खोट. 1990 मध्ये माणसावर पहिला वापर झाला आणि 1995 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

क्लिपवाले आणि कॉइलवाले यांच्यात जुंपली, ती 2002 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आयसॅट या चाचणीने आणखी पेटली. फुटलेल्या फुग्याच्या 2143 रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. वर्षभराने मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइलच्या गटात 23.7 टक्के, क्लिपच्या गटात 30.6 टक्के. फरक इतका ठळक की भरती वेळेआधीच थांबवली गेली. टीकाकारांचा मुद्दाही खोटा नव्हता: तपासलेले रुग्ण होते 9559, त्यातले चाचणीत आले एक पंचमांशाहून थोडेच अधिक, आणि तेही बहुतांशी बऱ्या अवस्थेतले, मेंदूच्या पुढच्या भागातल्या फुग्यांचे. कॉइल काही वेळा कालांतराने दबते आणि पुन्हा भरावी लागते, हेही दिसले. मला वाटते, चाचणीने क्लिप हरवली नाही, तिची मक्तेदारी संपवली.

त्यानंतर आलेल्या फ्लो डायव्हर्टरने तर फुग्यात शिरणेच सोडले. धमनीत बसवायची ही बारीक विणीची धातूची नळी; रक्ताला सरळ वाहायला लावते, फुग्यातले रक्त साकळते आणि विणीवर धमनीचे नवे अस्तर चढते. पाइपलाइन या नावाच्या अशा नळीला 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या, रुंद मानेच्या फुग्यांच्या एका अभ्यासात सहा महिन्यांनी 73.6 टक्के आणि पाच वर्षांनी 95.2 टक्के फुगे पूर्ण बंद झालेले आढळले. अर्धवट उघडलेली नळी परत म्यानात ओढता येईल, ही सोय तिच्या नंतरच्या आवृत्तीत आवर्जून घातली गेली. मात्र रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे बराच काळ घ्यावी लागतात, म्हणून नुकत्याच फुटलेल्या फुग्यात ती वापरायला डॉक्टर कचरतात.

क्लिप संपलेली नाही. मधल्या सेरेब्रल धमनीच्या फाट्यावरचे रुंद मानेचे फुगे अनेक सर्जन आजही क्लिपच लावून बंद करतात. क्लिप बसली की शिरेतून हिरवे रंगद्रव्य सोडतात आणि सूक्ष्मदर्शकातूनच पाहतात: फुगा काळा पडला का, शेजारच्या धमन्या उजळल्या का. उजळल्या नसतील तर क्लिप उघडून जागा बदलतात. खर्चाचाही हिशेब आहे. एका फुग्याला अनेक कॉइल लागू शकतात, क्लिप बहुधा एक पुरते. आपल्या सरकारी रुग्णालयांत तिचे स्थान टिकण्यामागे हे एक कारण आहे. पेच निराळाच आहे. सोपे फुगे कॉइलकडे वळल्यामुळे तरुण सर्जनच्या वाट्याला क्लिपेसाठी येतात ते बहुतांशी अवघड, आणि तेही संख्येने थोडे. त्यामुळे मोठ्या केंद्रांत आता त्रिमितीय छपाईने रुग्णाच्या फुग्याची प्रतिकृती बनवून, तिच्यावर क्लिप लावून पाहण्याचा सराव केला जातो.