वजन कमी करायचंय? भात सोडला, उपवास धरला तरी काटा का हलत नाही. जाणून घ्या ७ गैरसमज

वजन वाढलं की गावात सल्ल्यांची कमी नसते. कुणी भात बंद करायला सांगतो, कुणी सकाळी लिंबू-मध, तर कुणी मोबाईलवर आलेली पावडर. यातले बरेच उपाय फुकट जातात, काही मात्र जिवावर बेतू शकतात.

१) भात सोडला की वजन उतरतं
तांदूळ, गहू आणि ज्वारी यांच्या १०० ग्रॅम धान्यात थोड्याफार फरकाने सारख्याच, म्हणजे ३५० च्या आसपास कॅलरी असतात. ज्वारीच्या भाकरीत चोथा जास्त असल्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा तिचा फायदा. पण भात सोडून दोन भाकरी जादा खाल्ल्या तर हिशोब तिथेच राहतो.

२) उपवासाने चरबी जळते
उपवासाला साबुदाण्याची खिचडी असेल तर उलटंच होतं. १०० ग्रॅम साबुदाण्यात तांदळाइतक्याच कॅलरी असतात. त्यात शेंगदाण्याचा कूट (१०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी) आणि वरून तूप. साध्या वरण-भातापेक्षा ही थाळी जड पडते.

३) साखरेऐवजी गूळ चालतो
गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत फारसा फरक नाही. शुगर असलेल्यांनाही गुळाची सूट नाही. दिवसाला ५ कप चहा आणि प्रत्येकात २ छोटे चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम.

४) लिंबू-मधाच्या पाण्याने चरबी वितळते
असं कोणतंही पेय नाही. मधातही साखरच असते. साधं पाणी प्यायलं तरी चालतं.

५) घाम गाळला की वजन घटतं
घामातून पाणी जातं, चरबी नाही. पाणी प्यायलं की काटा पुन्हा तिथेच. पोटाला पट्टा बांधूनही फक्त पोटाचीच चरबी कमी करता येत नाही.

६) शेतात काम करतो, मग काय होतंय?
खुरपणी, कोळपणी, पाणी धरणं यात मेहनत आहेच. पण आता बरंच काम ट्रॅक्टरवर होतं, शेतात जाणं-येणं गाडीवर. काम कमी झालं, जेवण तेवढंच राहिलं, तर वजन वाढणारच.

७) पावडर नैसर्गिक आहे, अपाय होत नाही
वजन घटवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही वस्तूंत 'सिब्युट्रामाइन' हे औषध लपवून मिसळल्याचं अनेक देशांत आढळलं आहे. हृदयाला धोका असल्याने भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. लेबल किंवा परवाना क्रमांक नसलेली पावडर घेऊच नये.

मग करायचं काय?
आधी तेलाचा हिशोब करा. घरात ५ माणसं आणि महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज साधारण ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेल आणि चहातली साखर निम्मी करा. ताटात भाजी, डाळ, उसळ वाढवा. रोज अर्धा तास भरभर चाला. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

कंबरेचं मापही टेपने घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर शुगर आणि बीपीचा धोका वाढतो. वयाची ३० वर्षं झालेल्यांची ही तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशा ताईंना विचारलं तर दिवस कळतो.

हे विसरू नका
शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम खाली येऊन चक्कर, थरथर, बेशुद्धी येऊ शकते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास किंवा डाएट सुरू करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनीही नाही. आणि काहीच न करता वजन आपोआप उतरत असेल तर खूश होऊ नका. मधुमेह, क्षयरोग किंवा थायरॉईड यातलं काही असू शकतं, लगेच दवाखाना गाठा.